कायद्यातली एक ओळ: टेक्ससमध्ये औषधी कॅनाबिसची यादी वाढवून घ्यायची तर

काकूंच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. पुण्यात असताना त्या त्यातल्या चौकोनांत दुधाचे खाडे मांडायच्या. इथे मुलाकडे आल्यावर दूध गॅलनच्या कॅनमधून यायला लागलं आणि चौकोन रिकामे राहू लागले. पुढे मणक्याचं ऑपरेशन झालं, दुखणं काही थांबलं नाही, आणि त्याच चौकोनांत दोन आकडे दिसू लागले. वरचा दुखण्याचा, शून्य ते दहा. खालचा झोपेच्या तासांचा. "७, ३." "८, २॥." मधेच एखाद्या दिवशी "गोळी घेतली, दिवसभर गुंगी".

२०२५ च्या सुरुवातीला मी काकूंना घेऊन आमच्या आमदाराच्या ऑफिसात गेले, तेव्हा माझ्या हातात संशोधनाच्या प्रिंटआउटची जाडजूड फाइल होती. तिथल्या तरुण सहायकानं ती चाळली, बाजूला ठेवली, आणि काकूंच्या पिशवीतून डोकावणारं कालनिर्णय बघून विचारलं, "हे काय आहे?" दहा मिनिटांनी तो त्या पानांच्या झेरॉक्स काढत होता. माझी फाइल होती तशी परत आली.

औषधी कॅनाबिसचा, म्हणजे औषध म्हणून वापरायच्या गांजाचा, कायदा वाढवून घ्यायला सामान्य माणूस काय करू शकतो, हे मी टेक्ससपुरतं सांगणार आहे, कारण मला हेच राज्य नीट माहीत आहे. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही.

आधी कायदा कुठवर आलाय ते बघा

टेक्ससनं २०१५ मध्ये पहिल्यांदा दार किलकिलं केलं. फक्त औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारासाठी, म्हणजे फिट्ससाठी, आणि टीएचसी हा नशा आणणारा घटक वजनाच्या ०.५ टक्क्यापेक्षा जास्त नको. २०१९ मध्ये यादीत सगळ्या प्रकारचे अपस्मार, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि एएलएस (दोन्ही मज्जासंस्थेचे आजार), ऑटिझम, शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर अशी भर पडली. २०२१ मध्ये कुठल्याही टप्प्यातला कॅन्सर आणि पीटीएसडी (मोठ्या आघातानंतरचा मानसिक त्रास) आले, आणि टीएचसीची मर्यादा १ टक्का झाली.

ती १ टक्क्याची गोष्ट लक्षात ठेवा. त्या वर्षी हाउसनं, म्हणजे खालच्या सभागृहानं, ५ टक्के मंजूर केले होते आणि दीर्घकालीन वेदनाही यादीत घातल्या होत्या. वरच्या सभागृहानं, सिनेटनं, ५ चा १ केला आणि वेदनांची ओळ खोडली. २०२३ मध्ये वेदनांचं बिल हाउसमधून मोठ्या बहुमतानं गेलं, सिनेटमध्ये त्याची सुनावणीसुद्धा झाली नाही. २०२५ मध्ये आमदार केन किंग यांचं एचबी ४६ हे बिल आलं. सिनेटनं पुन्हा वेदना वगळल्या, माजी सैनिकांनी पिच्छा सोडला नाही, आणि अधिवेशनाच्या अगदी शेवटच्या दिवसांत दोन्ही सभागृहांच्या वाटाघाटींत ती ओळ परत आली. १ सप्टेंबर २०२५ पासून दीर्घकालीन वेदना, क्रोन्ससारखे आतड्यांचे दाहक आजार, मेंदूला झालेली इजा आणि अंतिम टप्प्यातले आजार यादीत आहेत. टक्केवारीची भानगड जाऊन एका मात्रेला १० मिलिग्रॅम टीएचसी अशी मर्यादा आली, आणि हे औषध बनवून विकणाऱ्यांचे परवाने ३ वरून १५ करायचं ठरलं.

म्हणजे एका ओळीला तीन अधिवेशनं लागली. टेक्ससचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच, विषम वर्षी भरतं. तेव्हा हे काम अंगावर घेताना दोन-चार वर्षांची मोजणी मनाशी करूनच बसा. आणि थेट सार्वमताची वाट इथे नाही. टेक्ससमध्ये नागरिकांना सह्या गोळा करून राज्याचा कायदा मतपत्रिकेवर नेता येत नाही. जे काही होईल ते राजधानी ऑस्टिनमधूनच.

मागणी एका ओळीत मावली पाहिजे

"कायदा उदार करा" ही मागणी नव्हे, ती तक्रार झाली. टेक्ससच्या ऑक्युपेशन्स कोड या कायदेसंग्रहातलं प्रकरण १६९ उघडा. त्यातल्या १६९.००३ या कलमात आजारांची यादी आहे, आणि औषधाची व्याख्या १६९.००१ मध्ये. दोन्ही छापून घ्या, पेन्सिल घ्या आणि तुमचा बदल नेमका कुठे बसतो तिथे खूण करा. आजार वाढवायचा आहे का? मात्रा बदलायची आहे का? की अडचण वेगळीच आहे? कित्येकदा आजार यादीत असतो, पण रुग्ण टेक्ससचा कायमचा रहिवासी नसतो. (सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील म्हणूनच यात बसत नाहीत.) किंवा घेतलेलं औषध ऑफिसच्या ड्रग टेस्टमध्ये सापडतं आणि नोकरी जाते. ती ओळ आजारांच्या यादीत नाही, कामगार कायद्यात शोधावी लागते.

न्यू जर्सीचं उदाहरण बघा. तिथे २०१९ च्या कायद्याला जेक होनिग या मुलाचं नाव आहे. मेंदूच्या कॅन्सरनं तो सातव्या वर्षी गेला. त्याचा आजार यादीत होताच, पण महिन्याला २ औंसाची मर्यादा त्याला पुरत नव्हती. कुटुंबानं मागितला तो आकड्यातला बदल. मर्यादा ३ औंस झाली, आणि अखेरच्या आजारातल्या रुग्णांना मर्यादाच राहिली नाही.

उलट, जिथे पुरावा लंगडा आहे तिथे जीव आटवू नका. काचबिंदूचं नाव वर्षानुवर्षं घेतलं जातं, पण खुद्द अमेरिकन नेत्रतज्ज्ञांची अकादमी त्यासाठी कॅनाबिसची शिफारस करत नाही. समितीत एखादा डॉक्टर आमदार बसलेला असला तर तिथेच तुमची विकेट जाते.

बोलण्याआधी: तुमचा इमिग्रेशनचा कागद कुठला?

मराठी घरांत याबद्दल फारसं कोणी बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबते.

राज्यानं परवानगी दिली तरी केंद्राचा १९७० चा नियंत्रित पदार्थांचा कायदा आहेच, आणि इमिग्रेशन केंद्राच्या हातात आहे. एप्रिल २०१९ मध्ये यूएससीआयएसनं, म्हणजे नागरिकत्वाचे अर्ज बघणाऱ्या केंद्राच्या खात्यानं, स्पष्ट सांगितलं की राज्याच्या कायद्यात बसणारं कॅनाबिसचं सेवनही नागरिकत्वाच्या अर्जात 'चांगल्या वर्तणुकी'च्या आड येऊ शकतं. कॅनाबिसच्या धंद्यातल्या नोकरीलाही तेच लागू. आणि गुन्हा सिद्ध व्हायलाच हवा असं नाही, स्वतः दिलेली कबुलीसुद्धा पुरते.

आता समितीपुढची साक्ष डोळ्यांपुढे आणा. तुम्ही सत्य सांगण्याची हमी देऊन बोलता, कॅमेरा चालू असतो, आणि ते चित्रीकरण पुढे कुणालाही बघता येतं. तिथे एच-१बीवरच्या किंवा ग्रीन कार्डवरच्या माणसानं भावनेच्या भरात "मी कोलोरॅडोला गेले तेव्हा घेऊन पाहिलं, इतकं बरं वाटलं" म्हणणं म्हणजे आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेणं. खोटं तर मुळीच बोलायचं नाही. जे सांगायची गरज नाही ते सांगायचं नाही. काकूंचं निवेदन आम्ही "मला काय होतं आणि आजच्या औषधांनी काय होत नाही" एवढ्यावरच ठेवलं, आणि ते असंही खरंच होतं. त्यांनी कधी काही घेतलेलंच नव्हतं.

मत मांडायला नागरिकत्व लागत नाही. आमदाराला भेटणं, पत्र लिहिणं, सुनावणीत बोलणं सगळ्यांना खुलं आहे. मात्र निवडणुकीसाठी पैसे देणं वेगळं. ग्रीन कार्ड असेल तर देता येतात, एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर राज्याच्या निवडणुकीतही नाहीत. आणि आधी सेवन केलेलं असेल, तर कुठेही तोंड उघडण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाची एक तासाची फी भरा. ते पैसे वाया जात नाहीत.

दोन माणसं शोधा

हाउसमध्ये १५० सदस्य, सिनेटमध्ये ३१. तुमचा प्रत्येकी एक. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर घरचा पत्ता टाकला की दोघांची नावं येतात. हाउसच्या एका मतदारसंघात साधारण १ लाख ९४ हजार लोक असतात, म्हणजे तुमचा आवाज वॉशिंग्टनच्या तुलनेत इथे जास्त ऐकू जातो. या मंडळींना पगार महिना ६०० डॉलर, त्यामुळे बहुतेकांचा दुसरा उद्योग असतो: कुणी वकील, कुणी शेतकरी, कुणी विमा विकणारा. अधिवेशन नसताना ते गावातच असतात. ऑस्टिनमधल्या गडबडीत पाच मिनिटं मिळवण्यापेक्षा उन्हाळ्यात गावातल्या ऑफिसात अर्धा तास मिळवणं सोपं.

भेट बहुतेकदा सहायकाशी होते. नाक मुरडू नका. बिलाची टिपणं तोच लिहितो. सहायकाला डावलून मोठ्या माणसालाच भेटायचा हट्ट धरणारे आपले लोक मी पाहिले आहेत, त्यांना कोणीच भेटत नाही. पेढ्यांचा डबाही नेऊ नका. भावना चांगली असते, पण समोरच्याला नियम आठवायला लागतात.

सोबत एकच पान ठेवा. वर बिलाचा क्रमांक किंवा कलम, खाली मागणीची ओळ, मग तुमची हकिगत चार वाक्यांत, शेवटी नाव आणि पत्ता. पत्ता मतदारसंघातला आहे हे त्यांना सगळ्यात आधी बघायचं असतं.

वही

काकूंसारखी नोंद आजपासून सुरू करा. आजार कुठलाही असो, दोन किंवा तीन आकडे रोज, जास्त नाही. जास्त लिहायला गेलं की आठवड्यात कंटाळा येतो. फिट्स असतील तर किती आल्या आणि किती वेळ टिकल्या. केमोची मळमळ असेल तर किती वेळा उलटी, किती जेवण पोटात राहिलं. त्याच ओळीत सध्याचं औषध आणि त्याचा त्रास. तीन महिन्यांची वही म्हणजे वाद घालता न येणारी गोष्ट.

संशोधनाचा संदर्भ एकच द्या, पण भक्कम. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजचा २०१७ चा अहवाल पुरेसा आहे. प्रौढांच्या दीर्घकालीन वेदना, केमोची मळमळ-उलटी आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये रुग्णाला जाणवणारा स्नायूंचा ताठरपणा, या तिन्हींसाठी पुरावा चांगला आहे असं त्यात म्हटलंय. ज्या आजाराला त्यात कमी पुरावा म्हटलंय, तिथे तसंच सांगा. दुष्परिणामही आपणच आधी मांडावेत: पौगंडातल्या मुलांच्या मेंदूवरचा धोका, मनोविकाराचा कौटुंबिक इतिहास असेल तर वाढणारी जोखीम, घेऊन गाडी चालवणं. विरोधकानं सांगितल्यावर कबूल करणं फार वाईट दिसतं.

एक प्रश्न हमखास येतो: "एफडीएनं मान्य केलेलं औषध आहे की, मग हे कशाला?" एपिडायोलेक्स या औषधाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली, पण ती अपस्माराच्या ठरावीक दुर्मिळ प्रकारांसाठी, आणि त्यात टीएचसी जवळजवळ नाही, सीबीडी हा नशा न आणणारा घटक आहे. एवढं उत्तर पाठ असू द्या.

अधिवेशनाच्या तारखा

पुढचं नियमित अधिवेशन १२ जानेवारी २०२७ ला सुरू होतं आणि १४० दिवसांनी, ३१ मे ला संपतं. बिलं आगाऊ दाखल करायला ९ नोव्हेंबर २०२६ पासून सुरुवात. साध्या बिलांसाठी शेवटची मुदत ६० वा दिवस, म्हणजे १२ मार्च. तेव्हा तुमची ओळ एखाद्या आमदाराला दिवाळीच्या सुमारास पटलेली असली पाहिजे. फेब्रुवारीत जाग आली तर दुसऱ्याच्या बिलाला पाठिंबा देणं एवढंच हातात उरतं. तेही वाईट नाही म्हणा.

सुनावणीचा दिवस

सुनावणीची सूचना कधी कधी जेमतेम काही दिवस आधी लागते, म्हणून बिलाच्या पानावर ई-मेल अलर्ट लावून ठेवा. सकाळी लवकर पोहोचा. कॅपिटॉलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, अभ्यागतांच्या पार्किंगमध्ये पहिले दोन तास फुकट असतात, पण तुम्ही दोन तासांत बाहेर पडणार नाही. समित्यांच्या बऱ्याच खोल्या त्या गुलाबी ग्रॅनाइटच्या घुमटाखाली नसून मागच्या जमिनीखालच्या इमारतीत आहेत. खोलीचा क्रमांक 'ई'नं सुरू झाला की खाली उतरायचं. तिथल्या टॅब्लेटवर साक्षीदार म्हणून नोंद करायची: बिलाच्या बाजूनं, विरोधात, की नुसतं बिलावर. बोलायचं नसेल तरी बाजूनं नाव नोंदवता येतं, आणि ते कामकाजाच्या नोंदीत जातं. नोंद त्या इमारतीत येऊनच करावी लागते, घरून नाही. प्रवास जमत नसेल तर हाउसच्या समित्यांना टेक्ससचा रहिवासी ऑनलाइन लेखी मत पाठवू शकतो.

मग बसायचं. समिती बऱ्याचदा सभागृहाचं कामकाज संपल्यावर भरते, आणि ते कधी संपेल कोणी सांगू शकत नाही. डबा, पाणी, चार्जर, औषधं, स्वेटर. खाली एसी असा असतो की पुण्याच्या डिसेंबरची आठवण यावी. रात्री दहाला नाव पुकारलं जाणं अगदी नेहमीचं.

एका वेगळ्याच बिलावर मी पहिल्यांदा बोलायला गेले तेव्हा चार मिनिटांचं सुंदर निवेदन लिहून नेलं होतं. अध्यक्षांनी गर्दी बघून वेळ दोन मिनिटांचा केला. घंटा वाजली तेव्हा मी अजून आमच्या कुटुंबाचा परिचयच करून देत होते, मागणी पोटातच राहिली. तेव्हापासून मी उलटं लिहिते. पहिल्या दमात: "माझं नाव अमुक, मी अमुक गावात राहते, माझ्या एकटीच्या वतीनं बोलते, या बिलाच्या बाजूनं आहे, आणि कलम अमुकमध्ये अमुक शब्द राहावेत एवढीच माझी विनंती आहे." मग एकच प्रसंग. एक रात्र, एक सकाळ, बस. इंग्रजीत साधारण अडीचशे शब्द. घरी फोनवर टायमर लावून मोठ्यानं वाचा, आपल्या वेगानं. आपण घाबरलो की राजधानी एक्स्प्रेस होतो.

महाराष्ट्र मंडळाचं नाव घ्यायचं असेल तर कार्यकारिणीचा ठराव हवा. करसवलत असलेल्या संस्थेला कायद्याबद्दल थोडंफार बोलायला मुभा असते, उमेदवाराचा प्रचार मात्र अजिबात नाही.

खरं मरण सुनावणीनंतर

समितीनं बिल मंजूर केलं की लोक पेढे वाटतात. इथेच गडबड होते. हाउसमध्ये पुढे कॅलेंडर्स कमिटी आहे, सभागृहात कुठलं बिल कधी येणार ते ती ठरवते. तिथे अडकलेलं बिल नाही म्हटल्याविनाच संपतं. त्या आठवड्यात कमिटीतल्या प्रत्येकाच्या ऑफिसला फोन हवा, मतदारसंघ त्यांचा असेल त्या ओळखीच्या माणसाकडून. ओसवाल काकांचा मुलगा सॅन अँटोनियोला, वहिनींची मैत्रीण एल पासोला, हे सगळं तेव्हा कामाला येतं.

मग सिनेट. तिथे लेफ्टनंट गव्हर्नर बिल कुठल्या समितीकडे जाणार ते ठरवतात, आणि २०२१ ते २०२५ चा सगळा इतिहास सांगतो की कात्री तिथेच लागते. दुरुस्तीचा मसुदा आला की तुमची ओळ जागेवर आहे का ते स्वतः वाचा. बातमीत "बिल मंजूर" एवढंच येतं.

आणि गॅस स्टेशनवर विकल्या जाणाऱ्या टीएचसीच्या गमींच्या (चघळायच्या गोळ्यांच्या) वादात ओढले जाऊ नका. हेम्पपासून (कमी टीएचसीच्या भांगेच्या झाडापासून) बनलेल्या टीएचसी मालावरच्या बंदीचं एसबी ३ हे २०२५ मधलं वेगळंच बिल होतं, गव्हर्नर ॲबट यांनी २२ जून २०२५ ला त्यावर नकाराधिकार वापरला. कोणी विचारलं तर एवढंच: "ते दुकान वेगळं, हे डॉक्टरनं लिहून दिलेलं औषध."

दुसऱ्या राज्यात असाल तर आधी दार कुठलं ते बघा. फ्लोरिडात मतपत्रिका होती, पण घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात: २०१४ मध्ये ५७.६ टक्के मिळूनही हरले, २०१६ मध्ये ७१ टक्के मिळाले. मिनेसोटात नागरिक थेट आरोग्य विभागाकडे आजारासाठी अर्ज करत, पीटीएसडी आणि पुढे २०२० मध्ये दीर्घकालीन वेदना अशाच मार्गानं आल्या.

घरातलं बोलणंही याच कामात धरा. आपल्याकडे 'गांजा' म्हटलं की चिलीम ओढणारा बैरागीच डोळ्यांपुढे येतो. काकूंचे दीर फोनवर म्हणाले होते, "वहिनी, या वयात?" त्यांना मी कलकत्त्यातल्या डॉ. ओशॉनेसींची गोष्ट सांगितली. १८३० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी आपल्याकडच्या वैद्य-हकिमांच्या वापरावरूनच भांगेच्या झाडाचे प्रयोग केले आणि झटके येणाऱ्या एका तान्ह्या बाळाला अर्क दिल्याची नोंद लिहून ठेवली. दीर पटले असं नाही, पण पुढचा फोन मणक्याची चौकशी करायला आला.

एचबी ४६ वर सही झाली त्या आठवड्यात काकूंनी शिरा केला. यादीत आता त्यांचं दुखणं आहे. पण त्यांचा नागरिकत्वाचा अर्ज चालू आहे, इंटरव्ह्यू व्हायचाय, आणि वकिलानं सांगितलंय की तोवर डॉक्टरकडे ते नावसुद्धा काढायचं नाही. काल गेले तेव्हा नव्या कालनिर्णयात "६, ४" लिहिलेलं होतं.